कन्व्हर्ट करताना चालतं, बघताना पडतं

मंगळवार पेठेत आमच्या घराच्या माडीवर माझी कामाची खोली आहे. लोक जुन्या व्हीएचएस कॅसेट आणून देतात, मी त्या फाइलमध्ये उतरवून पेनड्राइव्हवर देतो. लग्नं, बारशी, गणपतीच्या मिरवणुका, खासबागेतल्या कुस्त्या. कॅसेट एका जुन्या मशीनवर कॅप्चर होते. मग ती फाइल दुसऱ्या मशीनवर, म्हणजे माझ्या कामाच्या कॉम्प्युटरवर येते, तिथं साफसफाई होते, एच.२६४ ह्या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये कन्व्हर्ट होते आणि त्यानंतर मी ती पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत बसून बघतो. हे शेवटचं काम मी कधीच टाळत नाही. कुठं आवाज चित्राच्या मागं राहिलेला असतो, कुठं कॅसेटला बुरशी लागून पंधरा-पंधरा सेकंद नुसते पांढरे पट्टे आलेले असतात. कोल्हापूरच्या दमट हवेत माळ्यावर वीस-पंचवीस वर्षं पडलेल्या कॅसेटचं असं होतंच. न बघता दिलं आणि गिऱ्हाइकानं मूळ कॅसेट टाकून दिली, तर ते गेलं ते कायमचं.

गेल्या पावसाळ्यात हे दुसरं मशीन नेमकं बघतानाच बंद पडायला लागलं.

पहिल्यांदा झालं ते लख्ख आठवतंय. उत्तरेश्वर पेठेतल्या एका ताईंनी वडिलांच्या कुस्तीची कॅसेट दिली होती. वडील जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि त्यांचं हलतं-बोलतं असं घरात एवढंच शिल्लक. खासबागेचा हौदा, हलगीचा कडकडाट, दोघांनी एकमेकांच्या अंगावर माती टाकली, सलामी झाली. ताईंचे वडील पट काढायला वाकले आणि स्क्रीन काळा झाला. आवाज तुटला नाही, घरघरला नाही, एकदम थांबला. दोन सेकंदांनी फॅनचा आवाज वाढला आणि मशीन आपोआप परत सुरू झालं. निळा स्क्रीन आला नाही, एररचा मेसेज आला नाही.

फाइल खराब असेल म्हणून मी त्याच जागेच्या मिनिटभर आधीपासून पुन्हा लावली. पट निघाला, कुस्ती पुढं गेली, काही झालं नाही. चाळीस मिनिटांनी भलत्याच ठिकाणी पुन्हा तेच. म्हणजे फाइल निर्दोष. त्या दिवशी मी एक वही केली. तारीख, काय चालू होतं, किती मिनिटांनी पडलं, त्याआधी मी काय बदललं होतं, एवढे चार रकाने. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची, हे ठरवून टाकलं. पुढचे दोन महिने त्या वहीनंच मला धरून ठेवलं.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये प्रत्येक वेळी एकच लाल ओळ होती, कर्नल-पॉवर ४१. ही ओळ बघून बरेच जण घाबरतात, पण तिचा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं. कशामुळं ते ती सांगत नाही. खरी माहिती तिच्या तपशिलात असते. तिथं बगचेककोड नावाचा आकडा असतो. ड्रायव्हर कोसळून निळा स्क्रीन आला असता तर तिथं काहीतरी कोड दिसला असता. माझ्याकडं दर वेळी शून्य. कोसळल्याची नोंद जिथं पडते ते मिनीडम्पचं फोल्डरही रिकामं. विंडोजला मरताना दोन अक्षरं लिहायलाही वेळ मिळत नव्हता. ह्यावरून त्याच दिवशी विजेकडं बोट दाखवायला हवं होतं. पण बंद पडायचं फक्त व्हिडिओ बघताना, म्हणून माझं डोकं व्हिडिओतच अडकलं.

व्हीएलसी काढून दुसरा प्लेअर टाकला, तरी पडलं. क्रोममध्ये फाइल ओढून लावली, तरी पडलं. मग व्हीएलसीच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर डिकोडिंग बंद केलं. नेहमी चित्र उलगडायचं काम ग्राफिक्सचा भाग करतो, ते आता प्रोसेसरवर आलं. आणि फरक पडला! आधी वीस ते पन्नास मिनिटांत पडणारं मशीन दोन-दोन तास टिकायला लागलं. मला वाटलं, सापडलं, ग्राफिक्सचा ड्रायव्हर. सेफ मोडमध्ये जाऊन जुना ड्रायव्हर मुळासकट काढला, कंपनीच्या साइटवरून नवा घेतला, मग त्याच्या आधीचा टाकून बघितला. ह्यात एक आठवडा गेला. तिसऱ्या दिवशी सव्वादोन तासांनी पडलं, तेव्हा वहीत लिहिलं, 'वेळ वाढली, आजार गेला नाही'. ती वेळ का वाढली ह्याचं उत्तर पुढं मिळालं, आणि तेच सगळ्या प्रकरणाचं उत्तर होतं. त्या आठवड्यात मात्र मी ते चुकीच्या बाजूनं वाचत होतो.

राजारामपुरीतल्या एका दुकानात मशीन नेलं. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "सर, फॉरमॅट मारूया. दोन तासांत देतो." मी विचारलं, बिघाड काय आहे? तो म्हणाला, "विंडोज जुनं झालंय." मी मशीन परत आणलं. त्याच्यावर राग नाही, दिवसाला वीस मशीन हाताळणाऱ्याला चाळीस मिनिटं व्हिडिओ बघत बसायला वेळ कुठला. पण कारण न कळता फॉरमॅट मारला की हातात होता-नव्हता तो पुरावाही जातो, हे मी कुणालाही सांगेन.

तापमान बघितलं. व्हिडिओ चालू असताना प्रोसेसर ४६ अंशांवर, तीन तास कन्व्हर्ट करताना ७८ वर, आणि तेव्हा एकदाही बंद नाही. म्हणजे गरम होऊन पडतंय हेही नाही. तरी हीटसिंक काढून पेस्ट बदलली, धूळ ब्लोअरनं उडवली. रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढून सोनेरी पिना खोडरबरानं पुसल्या, रात्रभर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासायचा प्रोग्रॅम लावला. सकाळी चार फेऱ्या पूर्ण, चूक शून्य. पट्ट्या एकेक करून वेगळ्या लावून बघितल्या, तरी पडलं. हार्डडिस्कची तब्येत ठीक.

मग वीज. पावसाळ्यात आमच्याकडं दिवे डुलतात, त्यामुळं संशय रास्त होता. शिवाय कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की बोटांना मुंग्या यायच्या. ती इतक्या वर्षांची सवय झाली होती, त्यामुळं तक्रार म्हणून कधी डोक्यातच आली नाही. गल्लीतल्या वायरमनला बोलावलं. त्यानं मीटरची एक पिन न्यूट्रलला आणि दुसरी अर्थला लावली. १४ व्होल्ट. दोन-तीनच्या आत पाहिजे. "अर्थिंगच न्हाई ओ तुमच्याकडं, नावाला वायर हाय," तो म्हणाला. मागच्या बोळात खाली गेलो. अर्थिंगचा पाइप गंजून मातीतच तुटलेला होता. नवा पाइप घातला, भोवती कोळसा आणि मीठ भरलं, पाणी सोडलं. आकडा २ वर आला. मुंग्या बंद झाल्या. संध्याकाळी मोठ्या आशेनं कुस्ती लावली आणि ३८ मिनिटांनी मशीन पडलं.

तरीही ते काम वाया गेलं असं मी मानत नाही. कॅबिनेटला मुंग्या येत असतील तर कॉम्प्युटरचं राहू दे, आधी अर्थिंग बघा. घरात लहान पोरं असतात, ओले हात असतात. यूपीएस मधून काढून थेट बोर्डावर लावून बघितलं, त्यानंही फरक पडला नाही.

भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्यानं पेनड्राइव्हवर उबुंटू, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी सिस्टीम, टाकून आणलं. "मामा, हार्डडिस्कची वायरच काढ. ह्यातनंच चालू कर आणि पिक्चर लाव. विंडोजचा दोष असला तर ह्यात पडायचं न्हाई." पन्नास मिनिटांनी पडलं. वाईट वाटायच्या ऐवजी मोकळं वाटलं. विंडोज, ड्रायव्हर, प्लेअर, व्हायरस, हार्डडिस्क, सगळे एका झटक्यात सुटले. हीच चाचणी मी पहिल्या दिवशी करायला हवी होती. तिला पैसे लागत नाहीत, मशीनमधलं काही बदलावं लागत नाही, आणि निम्मा गुंता एका संध्याकाळी सुटतो.

राहिले मदरबोर्ड, प्रोसेसर आणि एसएमपीएस, म्हणजे घरच्या विजेपासून मशीनला लागणारी वीज करून देणारी आतली पेटी. एसएमपीएसवर माझा संशय नव्हता, कारण कन्व्हर्ट करताना मशीन सगळ्यात जास्त वीज खातं आणि तेव्हाच ते ठणठणीत चालतं. प्लगला लावायचा छोटा मीटर माझ्याकडं आहे. कन्व्हर्ट करताना ८८ वॅट, व्हिडिओ बघताना ३६. ८८ वॅट पेलणारी एसएमपीएस ३६ ला कशी पडेल? मी स्वतःला हेच विचारत होतो आणि पुढं सरकत नव्हतो.

मग गणपती आले. मंडळाच्या जुन्या मिरवणुकीच्या दोन कॅसेट त्याच आठवड्यात द्यायच्या होत्या. वेळ नव्हता म्हणून एक फाइल मागं कन्व्हर्टला लावली आणि तिच्यासोबतच दुसरी बघायला बसलो. एरवी मी असं करत नाही, चित्र अडखळतं. त्या दिवशी तीन तासांची ई-१८० कॅसेट आख्खी बघून झाली. मशीन पडलं नाही. उठता उठता वही उघडली आणि दुसरा रकाना वरपासून खालपर्यंत वाचला. एकूण ३१ वेळा पडलं होतं. त्यातल्या एकाही वेळी मागं कन्व्हर्जन चालू नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम तसंच केलं. मागं काम लावलं, पुढं व्हिडिओ, साडेतीन तास ठीक. मागचं काम थांबवलं, २६ मिनिटांत पडलं.

मशीनला राबवलं की टिकत होतं, सैल सोडलं की पडत होतं.

व्हिडिओ बघताना आत काय चालतं ते इथं सांगायलाच पाहिजे. आपल्याकडच्या टीव्हीच्या 'पाल' (PAL) पद्धतीच्या कॅसेटमध्ये सेकंदाला २५ चित्रं असतात. म्हणजे दर ४० मिलिसेकंदांना एक. जुन्या कॅसेटचं चित्र लहान, ते उलगडायला आजच्या प्रोसेसरला त्यातला अगदी थोडा वेळ पुरतो. उरलेला वेळ तो रिकामा. आणि रिकामा प्रोसेसर नुसता बसून राहत नाही, झोपतो. ह्या झोपेच्या पायऱ्यांना सी-स्टेट्स म्हणतात. सी१ म्हणजे डुलकी. सी६, सी७ म्हणजे गाढ झोप, त्यात कोअरची वीजच तोडली जाते. पुढच्या चित्राची वेळ झाली की खडबडून जागा, काम, परत झोप. सेकंदाला पंचवीस वेळा, तासाला नव्वद हजार वेळा. कन्व्हर्ट करताना मात्र चारही कोअर सलग जुंपलेले, झोप नाहीच. म्हणजे वीज जास्त जाते, पण एकसारखी जाते. व्हिडिओत ती कमी जाते, पण झटक्याझटक्यानं. हार्डवेअर डिकोडिंग बंद केल्यावर वेळ का वाढली होती तेही आता उलगडलं. प्रोसेसरवर काम वाढलं, झोप थोडी कमी झाली.

माझा प्रोसेसर आय५-४४६०, हॅसवेल पिढीतला. ही पिढी २०१३ साली आली आणि तिची गाढ झोप आधीच्या प्रोसेसरांपेक्षा फारच गाढ होती. प्रोसेसरकडं जाणाऱ्या १२ व्होल्टच्या लाइनवरची ओढ त्या झोपेत ०.०५ अँपियरपर्यंत उतरू शकते. त्याआधीच्या एसएमपीएस त्या लाइनवर निदान ०.५ अँपियर ओढ राहील असं धरून बनवल्या जात. दहापट फरक. हे वाचलं आणि आठवलं, २०१४ मध्ये हे मशीन जोडलं तेव्हा नवा बोर्ड, नवा प्रोसेसर, नवी रॅम घेतली होती, पण एसएमपीएस आधीच्या मशीनचीच ठेवली होती. ती २०१० ची. चांगली चालतेय, कशाला बदलायची, असं तेव्हा वाटलं होतं.

बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये गेलो. सीपीयू कॉन्फिगरेशनमध्ये सी-स्टेट्सची ओळ होती, ऑटोवर. सी६ आणि सी७ बंद केले, बाकी कशालाही हात लावला नाही. त्या रात्री दोन कॅसेट बघितल्या. दुसऱ्या दिवशी तीन. तिसऱ्या दिवशी दुपारपासून रात्रीपर्यंत. एकदाही नाही. मग परत चालू केले, ३५ मिनिटांत पडलं. परत बंद केले, ठीक. हा उलटसुलट प्रयोग मी जाणूनबुजून केला. बंद केल्यावर बरं वाटलं एवढ्यानं सिद्ध होत नाही, चालू केल्यावर परत दुखलं पाहिजे.

मल्टिमीटरनं पिवळ्या वायरवर १२ व्होल्टही मोजले होते. कन्व्हर्ट करताना १२.०८, व्हिडिओ चालू असताना १२.४७. ११.४ ते १२.६ ही हद्द, म्हणजे दोन्ही आकडे कागदावर पास. पण मल्टिमीटर सेकंदात दोन-तीनदा आकडा दाखवतो. हजाराव्या भागात काय हेलकावा बसतो ते त्याला दिसतच नाही. मीटरवर व्होल्टेज बरोबर आलं म्हणून एसएमपीएस चांगली, असं धरू नका.

शाहूपुरीत एसएमपीएस आणि यूपीएस दुरुस्त करणारे एक जुने गृहस्थ आहेत, त्यांच्याकडं गेलो. ही पेटी घरी कुणी उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल एवढा करंट साठून राहिलेला असतो. त्यांनी आधी तो उतरवला, मग झाकण काढलं, टॉर्च धरला. "हे बगा दादा. टोपी वर आलीया."

वायरी जिथून बाहेर पडतात त्याच्या पायथ्याशी चार कपॅसिटर ओळीनं उभे होते. दोघांचे माथे सपाट. दोघांचे फुगून घुमटासारखे झालेले, माथ्यावर कापलेली फुली उकललेली आणि तिच्यातून तपकिरी, सुकलेल्या काकवीसारखं काहीतरी ओघळून खालच्या पट्टीवर चिकटलेलं. त्यांनी पेचकसानं ते खरवडलं, पापुद्रा निघाला. त्यांनी सांगितलं ते असं. हे कपॅसिटर म्हणजे पाण्याच्या टाक्या. वर एकदम नळ सोडला तर टाकीतून पाणी मिळतं, तोवर मोटर जोर धरते. टाकीच सुकलेली असेल तर नळ सोडला की धार तुटणार. बारीक धार कायम चालू असेल तर कळायचंही नाही. एसएमपीएसमधून एक करडी वायर मदरबोर्डला जाते, तिच्यावर 'वीज ठीक आहे' एवढाच निरोप असतो. तो निरोप क्षणभर जरी तुटला तरी बोर्ड लगेच रीसेट होतो. म्हणून निळा स्क्रीन नाही, कोड शून्य, आणि आपोआप रिस्टार्ट.

"कपॅसिटर बदलून देतो, दोनशे रुपयं. पण दादा, गिऱ्हाइकाची कामं करता न्हवं? नवी घ्या." मी त्यांचं ऐकलं. दुकानात सात-आठशेचीही मिळत होती, ती घेतली नाही. साडेतीन हजाराच्या आत ४५० वॅटची, वीज कमी वाया घालवते असा ब्रॉन्झचा शिक्का असलेली, हॅसवेलच्या ह्या झोपेला चालते असं खोक्यावर लिहिलेली घेतली.

नवी बसवली, बायोसमध्ये सी६-सी७ पुन्हा चालू केले आणि पहिली फाइल तीच लावली. हलगी, माती, सलामी. ताईंचे वडील वाकले, पट निघाला, समोरचा पैलवान सावरून उठला, कुस्ती आणखी सहा मिनिटं चालली. मी ती बघितली आणि शेवटपर्यंत जाऊन परत लावली. तीन तास, मग दुसरी कॅसेट, मग तिसरी. रात्री मशीन चालूच ठेवून प्लेलिस्ट फिरत ठेवली. सकाळी इव्हेंट व्ह्यूअर उघडलं, लाल ओळ नाही.

ताई पेनड्राइव्ह न्यायला आल्या तेव्हा उशीर झाल्याबद्दल माफी मागितली. त्या म्हणाल्या, "एकदा इथंच लावा की." लावली. त्यांनी आईला फोन केला आणि फोन स्पीकरजवळ धरला, हलगी ऐकवायला.

त्यानंतर वहीत महिनाभर रोज एक ओळ लिहिली, मग लिहायची गरज उरली नाही. जुनी एसएमपीएस भंगारात दिली, फुगलेले दोन कपॅसिटर मात्र काढून टेबलाच्या खणात ठेवलेत. कुणी 'माझंही असंच होतंय' म्हणत आलं की आधी ते हातात देतो. यूपीएस परत जोडलाय, आणि मशीनवर सध्या ज्योतिबाच्या चैत्र यात्रेची कॅसेट बघायची चाललीय, सासनकाठ्या नुकत्याच डोंगर चढायला लागल्यात.